आपल्या दिवसाच्या मापाचा प्लॅनर

कागदी प्लॅनर म्हणजे येणाऱ्या दिवसांसाठी आधीच आखून ठेवलेली वही. भिंतीवरचे कॅलेंडर तारीख सांगते, रोजनिशीत घडून गेलेले लिहिले जाते आणि प्लॅनरमध्ये अजून व्हायचे आहे ते. रोजच्या व्यवहारात या तिघांची कामे एकमेकांत मिसळतात. कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे खाडे आणि नवा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली जाते. विमा एजंटाने नववर्षाला दिलेल्या डायरीत किराण्याची यादी उतरते आणि मार्चनंतर तिची पाने कोरी राहतात. त्यात दोष वहीचा नसतो आणि लिहिणाऱ्याचाही नसतो. वहीची आखणी एका प्रकारच्या दिवसासाठी केलेली असते आणि वापरणाऱ्याचा दिवस दुसऱ्याच प्रकारचा असतो. म्हणून प्लॅनरची निवड कव्हरपासून सुरू न करता दिवसापासून सुरू करावी लागते.

प्लॅनरमध्ये जाणाऱ्या नोंदी मुळात तीन प्रकारच्या असतात. काही घड्याळाला बांधलेल्या असतात: दाताच्या डॉक्टरांची वेळ, शिकवणीचा तास, गाडी सुटण्याची वेळ. काहींना मुदत असते पण ठरावीक वेळ नसते: वीजबिल, मुलाच्या प्रकल्पाचे सामान, शिंप्याकडून आणायचे कपडे. तिसऱ्या प्रकारात नुसती आठवण ठेवायची असते: औषधाचा डोस केव्हा बदलला, प्लंबरने किती पैसे घेतले, पाहुणे कधी येऊन गेले. कोणाच्या दिवसात पहिला प्रकार जास्त, कोणाच्या दुसरा, कोणाच्या तिसरा. या तिघांचे प्रमाण कळले की अर्धी निवड झाली. उरलेली अर्धी आकार, कागद आणि बांधणी यांची.

आज दुकानात दिसणारे प्रकार वेगवेगळ्या गरजांतून आले आहेत. लंडनमध्ये कागद-शाईचा व्यवसाय करणाऱ्या जॉन लेट्स यांनी १८१२ मध्ये छापील तारखांची डायरी विक्रीला आणली. तिचे पहिले गिऱ्हाईक व्यापारी होते, कारण मालाची ये-जा आणि पैशाच्या मुदती त्यांना एका जागी हव्या होत्या. महाराष्ट्रात रोजच्या नोंदीची शिस्त त्याहून जुनी आहे. पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दी आणि पेढ्यांवरच्या कीर्द-खतावण्या ही तिची उदाहरणे. मात्र तो सगळा झालेल्या व्यवहाराचा लेखाजोखा होता. पुढच्या तारखांची पाने आधीच छापून विकण्याची पद्धत नंतरची.

विसाव्या शतकात कड्यांची, पाने काढता-घालता येणारी वही आली. इंग्लंडमध्ये १९२१ पासून फायलोफॅक्सने ती रुजवली, आणि १९८० च्या दशकात ती तिथल्या तरुण नोकरदारांच्या हातातली ओळखीची वस्तू झाली. अमेरिकेत १९८४ मध्ये हायरम स्मिथ यांनी फ्रँकलिन प्लॅनर काढला. रोजच्या कामांना अ, ब, क असा अग्रक्रम द्यायचा आणि त्यातही १, २, ३ असा क्रम लावायचा, ही त्याची रीत. नाव बेंजामिन फ्रँकलिनवरून घेतले होते, कारण स्वतःच्या १३ सद्गुणांचा हिशेब तो एका छोट्या वहीत आखून ठेवत असे. जपानमध्ये लेखक शिगेसातो इतोइ यांच्या ‘होबोनिची तेचो’ने २००१ पासून एका दिवसाला एक पान आणि पातळ कागद हा घाट लोकप्रिय केला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रायडर कॅरोल यांनी बुलेट जर्नलची पद्धत मांडली. तिला छापील प्लॅनर लागतच नाही. कोऱ्या वहीत लिहिणारा स्वतःच आखणी करत जातो. आखीव आणि कोरे, बांधलेले आणि सुटे, कामाचे आणि आठवणींचे असे सगळे पर्याय एवढ्या वाटचालीत तयार झाले.

मोबाइल खिशात असताना कागद का, हा प्रश्न रास्त आहे. ठरलेल्या मिनिटाला हाक मारणे कागदाला जमत नाही, आणि चार जणांच्या वेळा जुळवायच्या असतील तर मोबाइलवरचे सामायिक कॅलेंडरच सोयीचे. कागदाची बाजू वेगळी आहे. उघडलेल्या दोन पानांवर अख्खा आठवडा एका नजरेत येतो आणि गर्दी कुठे झाली ते मोजावे लागत नाही, दिसते. खोडलेले कामही पानावर राहते, त्यामुळे काय पुढे ढकलले गेले ते लपत नाही. हाताने लिहिताना काम कधी आणि कुठे करायचे हे ठरवावे लागते, आणि तेच महत्त्वाचे आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिले की ‘हे करायचे आहे’ एवढ्या संकल्पापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी करायचे’ असा नेमका बेत पार पडण्याची शक्यता जास्त असते. बऱ्याच घरांत दोन्ही साधने चालतात: हाक मारायला मोबाइल आणि बेत आखायला कागद. तसे असेल तर कोणती नोंद कुठे जाणार हे एकदा ठरवून टाकावे, नाहीतर निम्म्या वेळा एकीकडे आणि निम्म्या दुसरीकडे राहतात.

आखणीचे मुख्य प्रकार चार. महिन्याच्या पानावर दर दिवसाला एक अशा २८ ते ३१ चौकटी असतात. त्यात एकेक शब्द मावतो, पण प्रवास, परीक्षा, हप्ते आणि सणवार एकत्र दिसतात. आठवड्याची उभी आखणी म्हणजे सात स्तंभ आणि कडेला तास. फिजिओथेरपिस्ट, शिकवणी घेणारे, दिवसभर भेटींच्या वेळा देणारे यांना ती उपयोगी. आठवड्याची आडवी आखणी प्रत्येक वाराला एक रुंद पट्टा देते आणि शेजारचे पान यादीसाठी मोकळे ठेवते. मुदतीची कामे जास्त आणि घड्याळाची कमी असलेल्यांना ती सोसते. रोजचे पूर्ण पान ज्यांच्या नोंदी लांब असतात त्यांच्यासाठी. ज्यांच्या दिवसात लिहिण्याजोग्या चारच ओळी असतात त्यांना ते पान रोज रिकामे दिसते आणि वही मिटून ठेवावीशी वाटते.

आखणी चुकली की काय होते ते घरगुती फराळाच्या व्यवसायात स्पष्ट दिसते. समजा अनारशांची ऑर्डर आहे आणि डबे शनिवारी द्यायचे आहेत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग उपसून पंचावर सावलीत वाळवायचे, दळायचे, गुळात मळून पीठ मुरायला ठेवायचे आणि मगच तळायचे. पीठ आठवडाभर मुरवायचे म्हटले तर मागच्या आठवड्याच्या सोमवारी तांदूळ भिजले पाहिजेत, मंगळवारी आणि बुधवारी पाणी बदलले पाहिजे, गुरुवारी पीठ डब्यात गेले पाहिजे, तेव्हा कुठे या गुरुवार-शुक्रवारी कढई चढते. मध्येच चकलीच्या भाजणीसाठी डाळ-तांदूळ धुऊन वाळवणे आणि गिरणीचा दिवस आला. रोजच्या पानाच्या प्लॅनरमध्ये ही साखळी बारा पानांवर विखुरते आणि सोमवारचे भिजवणे शनिवारच्या पानावर गेल्यावर आठवते. आठवड्याच्या आखणीत ती दोन वेळा पान उलटून पुरी होते, आणि महिन्याच्या पानावर तर एका बोटाने मागे मोजत जाता येते. शेवटच्या तारखेपासून मागे मोजावी लागणारी कामे ज्यांच्याकडे आहेत, मग तो फराळ असो, पासपोर्ट असो की लग्नाची खरेदी, त्यांच्या प्लॅनरमध्ये महिन्याची पाने हवीतच.

वर्ष कधी सुरू होते हा पुढचा मुद्दा. बाजारातला नेहमीचा प्लॅनर जानेवारी ते डिसेंबर असतो. हिशेब पाहणाऱ्यांचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, शिक्षकांचे आणि पालकांचे जूनमध्ये. जपानमध्येही शाळेचे आणि सरकारी हिशेबाचे वर्ष एप्रिलपासून चालते, म्हणून तिथल्या कंपन्या एप्रिलपासूनची आवृत्तीही काढतात आणि ती भारतातल्या हिशेबनिसाला आयती जुळते. जूनपासून सुरुवात करायची असेल तर तारखा न छापलेला प्लॅनर बरा. तो कुठूनही सुरू करता येतो आणि महिनाभर बंद राहिला तरी पाने वाया जात नाहीत. तारखा हाताने घालणे हा त्याचा जाच, आणि एक चुकली की पुढचा आठवडा चुकतो.

वारांची मांडणीही पाहून घ्यावी. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो, तर अमेरिकी पद्धतीच्या प्लॅनरमध्ये बहुधा रविवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरात पहिला रकाना रविवारचा आणि प्लॅनरमध्ये सोमवारचा असेल, तर नजर चुकून नोंद एक दिवस पुढे-मागे पडते. अनेक प्लॅनरमध्ये शनिवार-रविवार मिळून एकाच दिवसाएवढी जागा असते. कार्यालयात पाच दिवस जाणाऱ्याला ते चालते. केटरर, मंडप-सजावटवाले, मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक यांचे खरे काम त्याच दोन दिवसांत असते, आणि त्यांची गर्दी नेमकी सर्वांत लहान चौकटीत जाऊन बसते.

परदेशी किंवा सरसकट छापलेल्या प्लॅनरमध्ये तिथी नसते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून ११ दिवसांनी लहान; मध्ये अधिक मास आला की सण एकदम पुढे सरकतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरला. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवरून रजा किंवा तिकिटे ठरवता येत नाहीत. नवा प्लॅनर हाती आला की पंचांग किंवा कालनिर्णय शेजारी ठेवून मोठे सण, घरातल्या तिथीने येणाऱ्या गोष्टी आणि चतुर्थी-एकादशा महिन्याच्या पानांवर उतरवून घेणे हे तासाभराचे काम आहे, आणि नव्या वहीची ओळखही त्यातच होते.

आकाराचे गणित सोपे आहे. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, त्याची घडी घातली की ए-५, म्हणजे १४८ बाय २१०, आणि त्याचीही घडी घातली की ए-६. घडी घालूनही लांबी-रुंदीचे प्रमाण बदलत नाही, हा या मालिकेचा गुण. ती १९२२ मध्ये जर्मनीत मानक म्हणून ठरली आणि पुढे बहुतेक जगाने घेतली. ए-४ टेबलावरच राहतो. ए-५ ऑफिसच्या पिशवीत मावतो आणि लिहायला पुरेसा असतो. ए-६ पर्समध्ये जातो, पण त्यात लिहिताना हात आखडतो. कड्यांच्या वह्यांत ‘पर्सनल’ नावाचे ९५ बाय १७१ मिलिमीटरचे माप सर्रास मिळते. त्याची सुटी पाने सहा भोकांची असतात आणि ए-५ च्या कड्यांत ती बसत नाहीत.

वजन कागदाच्या जाडीवर ठरते आणि ते आधी मोजता येते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ए-५ चा एक ताव चौरस मीटरचा ३२ वा भाग असतो. ८० जीएसएमचा ताव अडीच ग्रॅम भरतो. रोज एक पान धरून ४०० पानांच्या प्लॅनरमध्ये असे २०० ताव, म्हणजे कव्हर सोडून अर्धा किलो. तोच प्लॅनर ५२ जीएसएमच्या कागदावर ३२५ ग्रॅमचा होतो. लोकलमध्ये खांद्याला पिशवी अडकवून तासभर उभे राहणाऱ्याला हा फरक जाणवतो. टेबलावरून न हलणाऱ्या वहीत त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

जाड कागद म्हणजे चांगला कागद, असे मात्र नाही. कागदावर शाई पसरू नये म्हणून कारखान्यात त्याला खळीचा लेप देतात. तो नीट असेल तर पातळ कागदही शाई धरतो, नसेल तर १०० जीएसएमवरही अक्षर फुटते. जपानचा ‘तोमोए रिव्हर’ हा ५२ जीएसएमचा कागद याचे प्रसिद्ध उदाहरण. फाउंटन पेनची शाई त्यातून सहसा मागे झिरपत नाही, पण मागच्या पानावरचे अक्षर सावलीसारखे दिसते आणि शाई वाळायला वेळ लागतो. डावखुऱ्यांच्या तळहाताला ती हमखास लागते. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कागद ओल शोषतो आणि मेमध्ये छान चाललेले पेन जुलैमध्ये त्याच पानावर फुटू लागते. बॉलपेन वापरणाऱ्याला या सगळ्याची फारशी झळ नाही. जेल किंवा फाउंटन पेन वापरणाऱ्याने दुकानदाराला विचारून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आपल्या पेनाने एक जाड रेघ ओढावी, दहा आकडे मोजून तिच्यावरून बोट फिरवावे आणि पान उलटून पाहावे.

रेघांमधले अंतर मराठीत लिहिणाऱ्यासाठी खास महत्त्वाचे आहे. बरेच परदेशी प्लॅनर रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात, आणि काहींतील चौकटी तर चार मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतो, शिवाय जोडाक्षरे खाली वाढतात. ‘पूर्वतयारी’ हा एकच शब्द रेघेच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा मागतो. साधारण अक्षराला सात-आठ मिलिमीटरची ओळ मोकळी जाते, पाच मिलिमीटरच्या चौकटीत दोन ओळींत एक ओळ लिहावी लागते. दिवसाला किती ओळी छापल्या आहेत यापेक्षा आपल्या हाताच्या किती बसतील हे पाहावे. ठिपक्यांचे पान यात लवचीक आहे, कारण ते रेघेचे बंधन घालत नाही आणि तक्ता आखायचा झाला तर आधारही देते.

बांधणीवर वहीचे आयुष्य ठरते. दोऱ्याने शिवलेल्या जुड्यांची वही टेबलावर सपाट उघडते आणि वर्षभर टिकते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली स्वस्त पडते, पण मध्यभागी दाबून धरावी लागते आणि दिवाळीपर्यंत तिची पाने सुटू लागतात. तारेच्या कुंडलीची वही पूर्ण उलटी दुमडता येते, म्हणून उभ्याने लिहिणाऱ्यांना सोयीची. तिची तार पिशवीत चेपली की पाने अडकतात. कड्यांच्या वहीत पाने हवी तशी हलवता येतात, मात्र उजव्या हाताने लिहिताना डाव्या पानावर कडी हाताला टोचते. २००६ मध्ये जपानच्या मिदोरीने आणलेल्या ‘ट्रॅव्हलर्स नोटबुक’मध्ये चामड्याच्या एका कव्हरात इलॅस्टिकने दोन-तीन पातळ वह्या अडकवतात, संपलेली तेवढी बदलायची. काम, घर आणि खर्च वेगळे ठेवायला आवडते त्यांना ही रचना रुचते.

इतके सगळे ठरवायला पैसे खर्चण्याआधी चाचणी घेता येते. पाठकोऱ्या कागदांवर दोन आठवड्यांची उभी किंवा आडवी आखणी हाताने काढावी, घडी घालून ए-५ करावी, स्टेपल मारावी आणि पंधरा दिवस तीच वापरावी. शेवटी कोणते रकाने भरले, कोणते कोरे राहिले आणि कडेच्या समासात काय काय कोंबले गेले ते पाहावे. समासात जे गेले त्यासाठी प्लॅनरमध्ये जागा हवी, आणि कोऱ्या रकान्यांसाठी, ते छापील प्लॅनरमध्ये कितीही सुंदर दिसत असले तरी, पैसे देऊ नयेत. पाणी किती प्यायले, मूड कसा होता, महिन्याची ध्येये कोणती असली सदरे बहुधा यातच मोडतात. खरेदीला पुण्याचा अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईची अब्दुल रेहमान स्ट्रीट यांसारख्या कागद-वह्यांच्या बाजारात गेल्यास हाताळून पाहता येते. नवे वर्ष लागून काही आठवडे उलटले की तारखांच्या डायऱ्यांचे भाव उतरतात. चाचणी अर्धवट असेल तर थांबण्यात नुकसान नाही.

वापराची शिस्त साधी आहे. वही दिवसातून दोन ठरावीक वेळा उघडावी: सकाळच्या चहाबरोबर आणि रात्री आवराआवर झाल्यावर. आठवड्यातून एकदा, बहुतेकांना रविवारी संध्याकाळी, पुढची दोन पाने बघावीत. वही मिटलेली नको, टेबलावर उघडीच असावी. पक्के ते पेनने आणि अधांतरी ते पेन्सिलने लिहिले की पान खाडाखोडीने भरत नाही. बुलेट जर्नलमधल्या खुणा कोणत्याही प्लॅनरला चालतात: कामापुढे ठिपका, झाले की त्यावर फुली, पुढे ढकलले की बाण. एकाच कामापुढे तीन आठवडे बाण दिसला तर ते काम मोठे आहे, नको आहे किंवा दुसऱ्याचे आहे, यांपैकी एक ठरवून ते तोडावे, खोडावे किंवा सोपवावे.

पानावर कामे कमी लिहिण्याला आधार आहे. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसे सतत कमी धरतात. डॅनियल काहनमन आणि एमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये या कलाला नाव दिले. १९९४ मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असे विचारले, तेव्हा सरासरी उत्तर ३४ दिवसांचे आले आणि प्रत्यक्षात ५५ दिवस लागले. प्लॅनरमध्ये यावर उपाय हाताशीच असतो. मागच्या महिन्यात त्याच प्रकारच्या कामाला किती वेळ लागला ते पान उलटून पाहता येते. रोजच्या पानावर तीन मुख्य कामे आणि बाकी रिकामी जागा ठेवली, तर अचानक आलेला पाहुणा किंवा रखडलेली लोकलही त्यात सामावते.

आनंदाचा भाग सजावटीपासून सुरू होतो असा समज आहे. रंगीत पट्ट्या, स्टिकर, शिक्के यांची हौस असेल तर जरूर करावी, फक्त चिकटवलेल्या वस्तूंनी वही फुगते आणि बांधणीवर ताण येतो हे लक्षात ठेवावे. टिकणारी गोडी मात्र नोंदींतून येते. कामाच्या पानाखाली एक ओळ दिवसाची ठेवली की पुरते: पहिला पाऊस, हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव, नातवाचे नवे वाक्य. पंचवार्षिक डायरीत एकाच तारखेची पाच वर्षे एकाखाली एक येतात, आणि तिसऱ्या वर्षापासून लिहिण्याइतकेच वाचायला मिळते. एखादा आठवडा कोरा गेला तर तो मागे जाऊन भरू नये. आजच्या तारखेपासून सुरू करावे. मागची भरपाई करण्याच्या नादातच बहुतेक वह्या कायमच्या बंद पडतात.

भरलेले प्लॅनर ठेवण्याजोगे असतात, कारण दुरुस्तीच्या तारखा, औषधे आणि खर्च पुढे शोधावे लागतात. ते कोरड्या कपाटात उभे ठेवावेत आणि पावसाळ्यानंतर एकदा उन्हाच्या कवडशाबाहेर हवेशीर पसरावेत. कसर आणि वाळवी यांना ओलच आमंत्रण देते. एटीएमची पावती किंवा दुकानाचे छापील बिल चिकटवायचे असेल तर त्यावरचा आकडा शेजारी पेनने लिहावा, कारण उष्णतेने छापलेला तो मजकूर काही वर्षांत उडून जातो. खासगी क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहू नयेत. वही हरवते आणि कागदाला कुलूप नसते.

डिसेंबरमध्ये, किंवा वर्ष जिथे संपत असेल तिथे, जुनी वही चाळली की पुढच्या वर्षीचा निर्णय बराचसा होऊन जातो. रोजची पाने निम्म्याहून अधिक कोरी असतील तर आठवड्याची आखणी घ्यावी. समास गच्च भरले असतील तर आकार एक पायरी वाढवावा. सुटे कागद खूप अडकवले असतील तर कड्यांचा विचार करावा, आणि वही पिशवीतून बाहेरच पडली नसेल तर लहान माप पाहावे. सगळे जमले असेल तर तोच प्लॅनर पुन्हा घ्यावा. दर वर्षी नवा प्रकार करून बघण्याची सक्ती नाही.